पुसायचे राहिलेले हात

"खोली गरम ठेवता म्हणता, पण म्हणजे किती? आमचं बाळ काय मोदकाची उकड आहे?"

इंदुमतीबाई नलवडे माझ्या स्टुडिओच्या मधोमध उभ्या राहून विचारत होत्या. मागं त्यांची सून, सात महिन्यांची गरोदर केतकी, खुर्चीवर बसून ओढणीनं वारा घेत होती. सासूनं तोंड उघडलं की ती माझ्याकडं बघून डोळ्यांनीच माफी मागायची.

"बाळाच्या अंगावर कपडे नसतात ना काकू," मी म्हटलं. "नऊ-दहा दिवसांचं पोर. गार लागलं की रडतं, आणि रडलं की फोटो संपला."

"आणि ही टोपली? मुंग्याबिंग्या?"

"प्रत्येक बाळाआधी उन्हात तापवते. कापडं उकळत्या पाण्यातून काढते."

त्यांनी फळीवरून बोट फिरवलं आणि उजेडात धरून बघितलं. बोटाला काही लागलं नाही. लागणार कसं? सकाळपासून ती फळी मी तीनदा पुसली होती. दोन दिवसांपूर्वी केतकीचा फोन आला होता, "नलवडे, मंगळवार पेठेतले, पाइपांचं दुकान आहे बघा," तेव्हापासून माझी झोप उडाली होती. कराडात येऊन मला नऊ वर्षं झाली होती आणि त्या दुकानासमोरून मी एकदाही चालले नव्हते. पलीकडच्या बाजूनं जायची.

त्या दिवशी मी मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता घातला होता आणि हातात पांढरे सुती मोजे. छापलेल्या फोटोवर बोटं उमटू नयेत म्हणून आम्ही ते वापरतो. एरवी अल्बम दाखवण्यापुरते घालायची. त्या दिवशी रिक्षा दारात थांबायच्या आधीच चढवले.

"साताऱ्याचा एक फोटोवाला बघून आलो," इंदुमतीबाई सांगत होत्या. "काम झकास. पण बाप्या! बाळंतिणीच्या खोलीत बाप्या कशाला? मग इथलाच एक बघितला, तर त्याच्याकडं एकच टोपी. गावातली सगळी पोरं त्याच टोपीत! शी! तुमचं आडनाव काय?"

"शेवाळे."

"कुठले शेवाळे?"

"विट्याचे."

एवढं बोलून मी थांबले. आता ओळखतील, निदान भुवई तरी चढेल.

"विट्याला आम्ही एकदा आलो होतो की," त्या म्हणाल्या. "आमच्या थोरल्यासाठी मुलगी बघायला. शेवाळेच होते वाटतं. तुमच्यातलेच का?"

"शेवाळे पुष्कळ आहेत गावात. मग, जमलं नाही का?"

"छे! मुलीच्या हाताला काहीतरी होतं. खरूज का काय. लपवून ठेवलं होतं त्या लोकांनी. नशीब, माझी नजर गेली." मग त्यांनी टोपलीतली लोकरीची टोपी उचलली. "ही नवीन आहे ना?"

खरूज म्हणे. अकरा वर्षं मी जे काळजात घेऊन फिरत होते, त्याचं साधं नावही तिला आठवत नव्हतं.

ते लोक मला बघायला आले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. उजव्या मनगटावर हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरा डाग होता, बस. मी चहाचा कप पुढं केला आणि तिनं कपाऐवजी माझं मनगट धरलं. अंगठ्यानं डाग घासून बघितला.

"हे काय?"

"तव्याला भाजलंय," माझे अण्णा म्हणाले. पोस्टात कारकुनी करणारा सरळ माणूस. त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि ते मला सोसलं नाही.

"भाजलेलं नाही," मी म्हटलं. "कोड आहे. डॉक्टरांना दाखवलंय. त्यानं कुणाला काही होत नाही, हात लावल्यानं पसरत नाही."

तिनं मनगट सोडलं. उठली, अंगणातल्या नळावर गेली आणि सगळ्या वाड्यावस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साबण आहे का हो?"

आईनं साबण दिला. तिनं कोपरापर्यंत हात धुतले, एकदा नाही, दोनदा. भिंतीपलीकडून शेजारच्या बायका बघत होत्या. अण्णा टॉवेल घेऊन बाजूला उभे होते. तिनं तो टॉवेल घेतला नाही. पदराला हात पुसले आणि जीपमध्ये जाऊन बसली.

पुढं आमच्या लोकांत जिथं जिथं लग्नाचा मुलगा होता, तिथं तिथं ही गोष्ट आमच्या आधी पोचली. स्थळं बंद झाली. अण्णा लग्नाकार्याला जायचे बंद झाले. मी कराडला आले आणि स्वतःचा स्टुडिओ काढायच्या आधी पोवारांच्या स्टुडिओत कामाला लागले. काम काय, तर स्थळासाठी पाठवायच्या फोटोंतले मुलींचे डाग, तीळ, पुटकुळ्या कॉम्प्युटरवर पुसायच्या. माझ्या स्वतःच्या हातांवर मात्र तो डाग वाढत गेला. आधी बोटं, मग तळवे सोडून पुरे पंजे. अण्णा गेले तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे झाले होते. शेवटच्या आजारात ते माझ्या तोंडाकडं बघायचे नाहीत, हातांकडं बघत राहायचे. म्हणायचे, "मी भाजलंय म्हणालो होतो गं. तू गप्प बसायचं होतंस."

"हिलाच ठरवू गं केतकी," इंदुमतीबाई म्हणाल्या. "मोजे घालून काम करते बघ. एवढी स्वच्छता आजकाल कुठं बघायला मिळते?"

"तुमची मर्जी, काकू," मी म्हटलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. बाळाला काही करायचं माझ्या मनात कधीच आलं नाही. तेव्हा तर डोक्यात कसला बेतही नव्हता. त्या बाईला जिवापेक्षा प्यारी वस्तू आता माझ्या हातात येणार आहे, एवढंच मला कळत होतं, आणि ते मी साखरेच्या खड्यासारखं तोंडात घोळवत होते.

गरोदरपणाच्या फोटोंना केतकी एकटीच आली. सासूबाईंची त्या दिवशी भिशी होती. हिरवी साडी, मोगऱ्याचे गजरे, सगळं पिशवीत घालून आणलं होतं. मी दिवे लावत होते तर मागून म्हणाली, "ताई, मोजे घालून कॅमेऱ्याची बटणं कशी दाबता हो?"

"होते सवय."

"काढा की. माझ्यासमोर कशाला? गरम होत असेल."

मी तिच्याकडं बघितलं. पोरगी साधी होती, सव्वीस-सत्तावीसची. गोल चेहरा, आणि बोलताना बांगड्या मागंपुढं करायची सवय. मी मोजे काढले.

ती बघत राहिली. मी वाट बघत राहिले. माणसाची नजर हातावरून किती वेळात उचलली जाते ते मला सेकंदांत मोजता येतं. तिची उचललीच गेली नाही.

"कोड का?"

"हो."

"दुखतं?"

"नाही. उन्हात थोडं चुरचुरतं."

"माझ्या कॉलेजच्या मॅडमना होतं," ती म्हणाली. मग एकदम तिचा चेहरा बदलला. "ताई, ताई, हात द्या लवकर! थांबेल नाहीतर."

तिनंच माझा हात ओढून पोटावर डावीकडं ठेवला. साडीच्या आतून, बेंबीच्या जरा खाली, कुणीतरी धडक मारली. पुन्हा एकदा मारली.

"बघितलंत? असाच करतो दांडगाई," ती हसत म्हणाली. मग बांगड्या मागंपुढं करत म्हणाली, "मला आई नाही ना. पहिल्यांदा हलला तेव्हा कुणाला सांगावं तेच कळेना. सासूबाईंना, म्हणजे आईंना, सांगितलं तर म्हणाल्या, वाताचं असेल."

मी तिचे गजरे सारखे केले.

जाताना तिनं विचारलं, "आईंच्या समोर मोजे मुद्दाम घातले होते ना?"

"काकूंना आवडलं नसतं."

"नसतंच आवडलं," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. आपल्या दोघींतच."

माणूस चांगला असला की आपला राग पातळ होतो म्हणतात. माझा झाला नाही. उलट वाटलं, अशी गुणी सून त्या बाईला मिळावी आणि माझ्या बापाला टॉवेल धरून उभं राहावं लागावं!

मुलगा झाला. नलवड्यांच्या घरात पेढ्यांचे खोके आले. बाळंतीण सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडणार नाही, हा इंदुमतीबाईंचा कायदा होता, आणि पंधरा दिवसांच्या पुढं गेलेलं बाळ मला हवं तसं मुडपून झोपत नाही. म्हणून अकराव्या दिवशी, सुवेर फिटल्यावर, माझंच सामान घेऊन मी त्यांच्या घरी गेले. तोंडाला फडकं, हातात मोजे.

दारातच इंदुमतीबाई उभ्या होत्या. एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात कोरी साबणाची वडी.

"मोजे आहेत ते ठीक, पण आधी हात धुवून घ्या हं. कोपरापर्यंत. बाळाचं काम आहे."

मी वडी घेतली. न्हाणीघराचं दार आतून लावलं, मोजे काढले आणि कोपरापर्यंत हात धुतले, एकदा नाही, दोनदा. तिच्याच टॉवेलला पुसले. हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. मोजे परत चढवून बाहेर आले.

बाळंतिणीच्या खोलीत मी हीटर लावला, खिडक्या बंद केल्या. दहा मिनिटांत इंदुमतीबाईंच्या कपाळावरून धारा लागल्या. "मला बीपी आहे बाई," म्हणत त्या बाहेर जाऊन पंख्याखाली बसल्या. मी दार ओढून घेतलं आणि मोजे काढून ठेवले.

आमच्या कामात एक फोटो असतो, सगळ्या आयांना तोच हवा असतो. बाळ पालथं, कोपरं टेकलेली, हनुवटी स्वतःच्या तळव्यांवर, जसं काही विचार करत बसलंय. पण अकरा दिवसांच्या बाळाची मान कुठून धरणार? म्हणून कुणीतरी त्याचं डोकं दोन्ही हातांनी सावरून धरतं, फोटो काढला जातो, आणि नंतर ते हात कॉम्प्युटरवर पुसून टाकतात. बघणाऱ्याला वाटतं, पोर आपणहून बसलंय. आईला डोकं धरायला सांगत नाही मी. आईचे हात थरथरतात. कॅमेरा स्टँडवर लावून केतकीला बटण दाबायला सांगितलं आणि बाळाचं डोकं मी धरलं.

माझ्या दोन्ही तळव्यांत ते ऊबदार डोकं मावलं. टाळू टुकटुक उडत होती. केतकीनं चार-पाचदा बटण दाबलं.

बाळाला तिच्या मांडीवर देऊन मी कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. "हे हात मी पुसते नंतर," मी म्हटलं.

ती बराच वेळ बघत होती. "काढायलाच पाहिजेत का ताई? छान दिसतायत की. कुणीतरी सांभाळून धरलंय असं वाटतं."

"काढायलाच लागतात," मी म्हटलं. "तशीच पद्धत आहे."

त्याच घटकेला माझ्या मनात बेत बसला. तिनंच तो सुचवला असं म्हणून मी सुटू शकते, पण ते खरं नाही. तिनं दिलं होतं ते वेगळं होतं आणि मी उचललं ते वेगळं.

बारसं सव्वा महिन्यानं, कार्यालयात, थाटात. इंदुमतीबाईंनी फर्मावलं होतं, हाच फोटो हवा आणि भिंतीएवढा हवा. "वर साटीनचा पडदा टाकायचा. नाव ठेवलं की पडदा मी ओढणार. सगळ्यांच्या आधी कुणी बघायचा नाही." त्या स्टुडिओत आल्या, डोकं मी धरलं होतं हे सांगून मी कॉम्प्युटरवर हात पुसलेला फोटो दाखवला. बाळ एकटंच, हनुवटी तळव्यांवर. "अगदी आजोबांसारखा बसलाय!" त्या म्हणाल्या आणि खूश होऊन गेल्या. मी छापायला मात्र दुसरा पाठवला. त्यात माझ्या दोन हातांशिवाय बाकी सगळं तेच होतं. हातांवरचा उजेड मी जरा वाढवलाच, डाग स्पष्ट दिसावेत म्हणून.

मला काय हवं होतं ते सांगते. तिनं चारचौघांत पडदा ओढावा. तिच्या नातवाचं डोकं कोडाच्या हातात आहे हे तिनं बघावं, सगळ्यांनी बघावं. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळतील, आणि तिला सगळ्यांसमोर एक तर साबण मागावा लागेल, नाहीतर अकरा वर्षांपूर्वी मी अंगणात बोलले होते ते तिच्याच तोंडानं बोलावं लागेल. स्टुडिओ बुडाला तर बुडाला. माझी तयारी होती.

कार्यालयात दीडशे-दोनशे बायका होत्या. मी मागच्या बाजूला कॅमेरा घेऊन उभी, आखूड बाह्यांच्या पोलक्यात आणि उघड्या हातांनी. एकीचंही लक्ष गेलं नाही. फोटोवालीकडं कुणी बघत नाही, तिच्या कॅमेऱ्याकडं बघतात.

पाळणा हलला, कानात कुर्र झालं, नाव ठेवलं गेलं, रणवीर. पाठीवर धपाधपा बुक्क्या पडल्या, हशा झाला. मग इंदुमतीबाईंनी पदर सावरला, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि दोरी ओढली.

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या.

चार फूट उंचीच्या फोटोत रणवीर डोळे मिटून बसला होता आणि त्याच्या दोन्ही कानांशी ते पांढरे, मधूनच गव्हाळ ठिपके राहिलेले हात होते. पहिल्या ओळीत इंदुमतीबाईंची नव्वदीची आत्या बसली होती. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळं ती जे बोलली ते शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं.

"आगं इंदू, सुनंच्या हाताला कोड हाय का तुज्या?"

हे मी धरलंच नव्हतं. नऊ वर्षं मी हात पुसायचं काम करत होते, आणि माझ्या डोक्यात एवढी साधी गोष्ट आली नव्हती की बाळाच्या फोटोतले हात लोकांना आईचेच वाटणार.

कुजबुज उठली. "तरीच बाई डोहाळजेवणात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज होता." "लपवून केलं का काय लग्न?" शेजारची एक बाई केतकीच्या खुर्चीशी गेली. "हात दाखव गं बघू," ती म्हणाली. तिच्यामागं अजून दोघी-तिघी. एकीनं केतकीचं मनगट धरलं, बांगड्या वर सारल्या आणि अंगठ्यानं घासून बघितलं.

केतकीचे हात मोकळे नव्हते. मांडीवर बाळ होतं. तिनं आधी एक हात पुढं केला, मग बाळ त्या हातावर घेऊन दुसरा. पालथा, मग उताणा. दाखवत राहिली, आणि दाखवता दाखवता तिनं मान वर करून हॉलभर नजर फिरवली. मला शोधत होती.

मी त्याच वेळी पुढं जायला हवं होतं. ते माझे हात आहेत एवढंच ओरडायचं होतं. पण मी थांबले. इंदुमतीबाईंच्या तोंडून ते ऐकायचं होतं मला. किती वेळ थांबले? मिनिटभर असेल. ते मिनिट मी केतकीच्या जिवावर घेतलं.

"माझ्या सुनेला काही झालेलं नाही!" इंदुमतीबाई शेवटी किंचाळल्या. "तिचे नाहीत ते हात! फोटोवालीचे आहेत, पुसायचे राहिलेत!"

आता वळल्या सगळ्या माना. मी कॅमेरा गळ्यात सोडला आणि दोन्ही हात समोर ठेवून चालत पुढं गेले. इंदुमतीबाईंनी माझे हात बघितले, मग तोंड बघितलं, मग परत हात.

"म्हंजी कोडवालीनं पोराला धरलं?" आत्या म्हणाली. "आनि तू धरू दिलंस? उद्या पोराला झालं म्हंजी?"

पाळण्याची साखळी तेवढी करकरत होती. इंदुमतीबाईंच्या कपाळावर त्या दिवसासारख्याच धारा लागल्या होत्या, आणि इथं हीटर नव्हता.

"सांगा की काकू," मी म्हटलं. "हात लावल्यानं पसरतं का?"

त्यांनी नातवाकडं बघितलं. पसरतं म्हणाव्यात तर नातू बाटला, आज ना उद्या त्याच्या नावाला ते चिकटलं. त्यांच्याइतकं हे कोण ओळखणार?

"नाही पसरत," त्या म्हणाल्या.

"जरा मोठ्यानं. आत्यांना ऐकू येत नाही."

"नाही पसरत!" त्यांचा आवाज फाटला. "डॉक्टर सांगतात तसं! रोग नाही तो. हात लावल्यानं कुणाला काही होत नाही!"

अकरा वर्षं मी ज्याची वाट बघितली ते हेच वाक्य. ते ऐकताना मला अण्णा दिसले, टॉवेल घेऊन उभे. खोटं कशाला सांगू, असं सुख मला आयुष्यात दुसऱ्या कशानं मिळालेलं नाही.

जेवणाच्या पंगती बसल्यावर इंदुमतीबाई माझ्याजवळ आल्या. एवढ्या वेळात त्यांचं वय वाढल्यासारखं दिसत होतं.

"टॉवेल घेऊन उभा होता, तो तुझा बाप ना?"

"हो."

"मग मला धरायचं होतंस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझे हात मागायचे होतेस. त्या आई नसलेल्या पोरीचे हात कशाला उलटेपालटे करायला लावलेस?"

"तुम्हीच शिकवलंत," मी म्हटलं. त्या वाढायला निघून गेल्या. मला वाटलं, आपण जिंकलो.

तिसऱ्या दिवशी केतकी रिक्षातून उतरली. कडेवर बाळ, आणि रिक्षावाल्याच्या हातात तो भलामोठा फोटो. तो त्यानं भिंतीला टेकवून ठेवला आणि गेला.

"पुसून नवीन छापून द्या," ती म्हणाली.

"काकूंनी पाठवलं?"

"आई म्हणत होत्या राहू दे. आता सगळ्यांसमोर बोलून बसल्यात ना. मीच आले." ती खुर्चीवर बसली नाही. "मी विचारलं होतं तुम्हाला, काढायलाच पाहिजेत का. आठवतंय?"

"आठवतंय."

"तेव्हा नको म्हणाला असतात, तर मीच ठेवले असते. मीच सगळ्यांना सांगितलं असतं, हे आमच्या ताईंचे हात म्हणून. आईंशी भांडले असते. तुम्हाला माझ्याकडं मागून बघायचंसुद्धा सुचलं नाही."

"केतकी, त्यांनी माझ्या अण्णांना..."

"आईंनी सांगितलं मला सगळं. साबणाचं पण." तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "त्यांचं चुकलंच. पण मी काय केलं होतं? काल दुकानात बांगड्या घ्यायला गेले, तर कासारीण आधी हात उलटा करून बघत होती."

मी कॉम्प्युटर सुरू केला. ती मागं उभी राहून बघत होती. आधी डावा अंगठा पुसला, मग बोटं एकेक करून. जिथं बोट जाईल तिथं मागच्या दुलईचा रंग भरायचा. उजवा हात कानाला लागून होता, त्याला वेळ लागला. हजारो डाग पुसलेत मी या हातांनी, पण हे काम कधी एवढं जड गेलं नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटांत रणवीर पुन्हा एकटा बसला, कुणीच न धरता.

या गोष्टीला आता दहा वर्षं झाली. रणवीरच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो साताऱ्याच्या माणसानं काढले असं कानावर आलं. इंदुमतीबाईंचं ते वाक्य मला अजून आठवतं आणि अजून गोड लागतं. त्याच्यामागोमाग केतकीनं मान वर करून मला शोधलं ते आठवतं, आणि मग ते वाक्य पुरं ऐकावंसं वाटत नाही.

त्या दिवशी तिला भिंतीएवढा फोटो नको होता, घरातल्या टेबलावर राहील एवढा बस म्हणाली. मी तिथंच छापला. मशीनमधून कागद बाहेर आला तसे मी पांढरे मोजे चढवले आणि फोटो तिच्यापुढं धरला. तिनं मोज्यांकडं बघितलं. या वेळी काढा म्हणाली नाही.